फळा मागच्या भिंतीवर

मगदूम गुरुजींना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते चौथीच्या वर्गात शेवटच्या ओळीत, भिंतीला पाठ लावून, दोन पोरांच्या मध्ये मांडी घालून बसले होते. पांढरा पायजमा, नेहरू शर्ट, डोक्यावर टोपी. मी नेमणुकीचा कागद घेऊन दारात उभी. मला वाटलं, कुणाचे तरी आजोबा नातवाला सोडायला आलेत आणि जरा टेकलेत. म्हणून मी विचारलं, "गुरुजी कुठं आहेत?"

"हे काय, हितं," ते म्हणाले. "या की बाई. हितं माझ्याजवळ बसा आन् फळ्यावर काय लिवलंय तेवढं वाचून दावा."

नवी साडी होती आणि फरशीवर बोटभर धूळ. मी नुसतं वाकून पाहिलं. खिडकीतला उजेड सरळ फळ्यावर पडत होता आणि फळा नुसता चकाकत होता. एक अक्षर दिसेल तर शपथ. मी तसं सांगताच गुरुजी लॉटरी लागल्यासारखे खूश झाले. "न्हाई ना दिसत? आन् हितं बसणारी पोरं गावात ढ म्हणून नावाजल्यात!"

हे गाव कडेगाव तालुक्यातलं. नाव सांगत नाही, कारण त्यातली बरीच माणसं अजून हयात आहेत आणि भांडायला खमकी आहेत. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. जिल्हा परिषदेची दोन खोल्यांची, दोन शिक्षकांची शाळा. गुरुजी त्याच जूनमध्ये तिथं आले होते. तिसरी-चौथी त्यांच्याकडे, पहिली-दुसरी माझ्याकडे. मी लोणंदची, कांद्याच्या बाजाराशेजारी वाढलेली, त्यामुळे आवाजाला कमी नव्हते. पण नोकरी नवी, म्हणून जीभ आवरून होते.

गुरुजींना असली अडचण नव्हती. ते सांगलीजवळच्या कृष्णाकाठचे, जैन शेतकरी घरातले. निवृत्तीला फार वर्षं उरली नव्हती. अक्षर म्हणाल तर कोंबडीचे पाय. गळा असा की त्यांनी प्रार्थना सुरू केली की पोरं मोठ्यानं गाऊन त्यांना झाकून टाकत. एसटीच्या कंडक्टरपासून शिक्षण खात्यातल्या साहेबापर्यंत ते सगळ्यांशी एकाच आवाजात बोलत, आणि तो आवाज बहुतेक वेळा चढलेला असे. गावात एक खोली घेऊन राहत. दिवस मावळल्यावर अन्नाचा कण खात नसत, पाण्याचा थेंबही घेत नसत. शाळा सुटली की घाईघाईनं चूल पेटवायला पळायचे, आणि त्या घाईत अर्धी भाकरी करपवायचे.

"पोरगं अडलंय म्हंजे वाटेत कायतरी आडवं आलंय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "पोराला मागनं ढकलू नगा. पुढं जावा आन् आडवं काय आलंय ते बघा." 'ढ' म्हणायला तर शाळेत बंदीच होती. "ढ बाराखडीत ठेवा, पोराच्या कपाळावर नगं." एक पालक एकदा म्हणाला, "गुरुजी, आमचं बेणं जरा ढच हाय बघा." गुरुजी अगदी काळजीनं म्हणाले, "आसंल आसंल. घरात आनी कोण हाय का तसं?" तो पालक पुन्हा काही तो शब्द बोलला नाही.

तिसरीतला तानाजी पहिल्या तासालाच पेंगायचा. आधीच्या मास्तरांनी त्याला अंगठे धरून उभं करायचा उपाय करून पाहिला होता. पठ्ठ्या अंगठे धरूनही झोपायचा. गुरुजी त्याच्या घरी गेले तेव्हा कळलं की शेतीची लाईट रात्री येते आणि बापाबरोबर उसाला पाणी पाजायला हाच जातो. दुसऱ्या दिवशी वर्गाच्या कोपऱ्यात पोतं अंथरलं गेलं. मधल्या सुट्टीपर्यंत तानाजीनं झोपायचं आणि मग शिकायचं, असा कायदा झाला. नेमके त्याच आठवड्यात विस्तार अधिकारी तपासणीला आले आणि दारातूनच ओरडले, "हे काय? वर्गात मुलगा झोपलाय!"

गुरुजींनी ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोला सायेब. आत्ताच डोळा लागलाय त्येचा."

साहेब लालबुंद झाले. शेरा लिहितो म्हणाले. "लिवा की," गुरुजी म्हणाले, "पर शेतीची लाईट रातीची का येती, तेबी लिवा. तुमी दिवसा लाईट द्या, मी लगेच पोतं गुंडाळतो." साहेबांनी शेरा लिहिला, लाईटचं काही लिहिलं नाही. पोतं वर्षभर तिथंच राहिलं आणि दुपारनंतरचा तानाजी बेरजा-वजाबाक्यांत बऱ्याच जणांना मागं टाकायला लागला.

पण गुरुजींचं नाव झालं, किंवा सरपंचांच्या मते खराब झालं, ते फळ्यामुळं. आमच्या शाळेत पोरांना गुणांप्रमाणे बसवायची जुनी रीत होती. चाचणी झाली की पहिला नंबर फळ्यापुढं, मग दुसरा, असं करत शेवटचे मागच्या भिंतीला. गावाला याचा मोठा अभिमान. जाता-येता लोक वर्गात डोकावून आपलं पोरगं कितव्या ओळीत आहे ते बघून घ्यायचे. चौथीतली रेखा पहिलीत असताना मधल्या ओळीत बसायची. मग एकेक ओळ मागं जात ती भिंतीला लागली. गुण कमी म्हणून मागं, आणि मागं म्हणून गुण आणखी कमी. मी आले त्या दिवशी गुरुजी बसले होते ते तिच्याच शेजारी. काहीही विचारलं की ती मान खाली घालायची. वाचायला उभी केली की पुस्तक हातभर लांब धरायची आणि गप्प राहायची. तिचा बाप बाबासो, पोरीचा आबा, सरपंचांच्या उसात कामाला जायचा. चौथी झाली की पोरीला घरी बसवायची, हे त्यानं ठरवून टाकलं होतं.

एका सोमवारी मी शाळेत आले तर मागची भिंत काळीकुट्ट. गुरुजी रविवारी गावी गेलेच नव्हते. त्यांनी कोळसा कुटला होता, जुन्या सेलमधला काळा मसाला त्यात कालवला होता आणि भिंतीवर भलामोठा फळा सारवला होता. तिथं उजेडाची चमक येत नव्हती. घंटा झाली, पोरं रोजच्या जागी बसली आणि गुरुजी म्हणाले, "आता जाग्यावरच तोंडं फिरवा." सगळा वर्ग फिरला. भिंतीची पोरं पहिल्या ओळीत आली आणि सरपंचांचा नातू, जो शाळेत आल्यापासून पहिल्या नंबरावर बसत होता, तो सगळ्यांत मागं गेला.

दुपारच्या आत सरपंच हजर. "गुरुजी, ही काय तऱ्हा? माझा नातू हुशार हाय. त्येला मागं टाकला?"

"हुशार हाय नव्हं? मग मागनंबी येईल की त्येला."

"आन् न्हाई आलं तर?"

"तर मग हुशारी नातवाची न्हवती, जागेची हुती."

सरपंच जाताना माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, तुमी नव्या हाय. ह्यांच्या नादाला लागू नगा." मी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी माझ्या वर्गातली नंबरांची रांग मोडून टाकली. त्या नोकरीतला तो माझा पहिला आनंद होता, हे आज उघड सांगायला हरकत नाही.

भिंतीची बाकीची पोरं दिवाळीपर्यंत चांगली लिहायला लागली. रेखा मात्र पहिल्या ओळीतूनही पुढं सरकत सरकत फळ्यापाशी जायची. गुरुजी दोन-चार दिवस नुसते बघत राहिले. मग त्यांनी तिला मराठीचं पुस्तक दिलं. तिनं ते नेहमीसारखं लांब धरलं.

"येवढं लांब का धरतीस गं?"

"जवळ धरलं की मारत्यात."

"कोण मारतंय?"

"आदीचे गुरुजी मारायचे. नाकाला पुस्तक लावतीस व्हय म्हणायचे, आन् पट्टी. घरात आबाबी मारतोय."

"आता लाव नाकाला," गुरुजी म्हणाले. "लाव. मी हाय हितं."

तिनं पुस्तक नाकाला लावलं आणि धडा वाचायला लागली. अडखळली नाही, थांबली नाही, पान उलटून शेवटच्या ओळीपर्यंत वाचत गेली. गुरुजी बाहेर गेले आणि पाण्याच्या टाकीपाशी तोंड धुऊन आले. माझ्या वर्गाच्या दारात उभे राहून म्हणाले, "बाई, पोरीला लांबचं दिसतच न्हाई. चार वरसं आपलं खातं तिला पट्टीनं डोळं देत हुतं." एवढं चिडलेलं मी त्यांना आधी पाहिलं नव्हतं.

पहिली ओळ त्यांनी तिला दिली होती, पण पाचवीला शेजारच्या गावच्या हायस्कुलात तिच्यासाठी फळा कोण फिरवणार? चष्मा पाहिजेच होता, आणि त्यासाठी मिरजेला डोळ्याच्या डॉक्टरांकडे न्यायला बापाची परवानगी. शाळा सुटल्यावर गुरुजी मला घेऊन बाबासोच्या घरी गेले. तिथं बाबासोची थोरली बहीण येऊन राहिली होती. तिचा दरारा असा की बाबासो तिच्यापुढं मोठ्यानं खोकत नसे. आमच्या भागात भावाची मुलगी बहिणीच्या घरी सून म्हणून देतात. रेखा जन्मली तेव्हाच या आत्यानं आपल्या मुलासाठी तिला बोलून ठेवलं होतं.

"चेष्मा?" आत्याबाई म्हणाल्या. "माज्या सुनंला चेष्मा? माणसं म्हणतील आंधळी केली. गुरुजी, आमच्यात पोरींना चेष्मा लावत न्हाईत. आन् लिवून-वाचून कुठं जायचंय तिला?"

"तेच तर ठरवायचंय तिला," गुरुजी म्हणाले. "पर आदी दिसाय तर पायजे."

बाबासो बहिणीकडे बघत होता, बहीण छपराकडे. रेखाची आई उठली. गुरुजी दिवस असतानाच जेवतात हे तिला ठाऊक होतं. तिनं झटपट भाकरी थापल्या आणि मेथीची भाजी वाढून ताट पुढं ठेवलं. गुरुजींनी ताटाला नमस्कार केला. "बाबासो हो म्हणू दे, मग जेवतो."

आम्हाला वाटलं, चेष्टा असेल. सूर्य डोंगराला टेकला. बाबासो म्हणाला, "जेवा की ओ गुरुजी, पोरीचं बघू मागनं." गुरुजी हलले नाहीत. ऊन अंगणातून निघून गेलं, मग भिंतीवरून गेलं, आणि दिवस मावळला. गुरुजींनी ताट हातानं बाजूला सारलं, "आता उद्या," म्हणाले आणि उठले. भरल्या घरातून पाहुणा उपाशी उठून गेला. नंतर रेखानं सांगितलं, त्या दिवशी घरात कुणीच नीट जेवलं नाही. आत्याबाई तेवढ्या जेवल्या.

दुसऱ्या दिवशी गुरुजी पुन्हा गेले. मी म्हटलं, "अहो, असं उपाशी किती दिवस?" ते म्हणाले, "बाई, मी कुठं उपास करतोय? मी जेवायलाच चाललोय." पुन्हा ताट आलं, पुन्हा सूर्य डोंगराकडे उतरायला लागला. बाबासोनं पुन्हा बहिणीकडे पाहिलं. तेव्हा रेखाची आई चुलीपुढून उठली. पदर खोचून नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आज गुरुजींचं ताट तसंच गेलं तर उद्यापासनं ह्या घरात मी चूल पेटवायची न्हाई. वन्संनी पेटवावी."

बाबासो खाली मान घालून म्हणाला, "जेवा गुरुजी. न्या तिला मिरजंला."

गुरुजींनी भराभर जेवायला सुरुवात केली. घास तोंडात असतानाच म्हणाले, "कालची भाजी जास्त झ्याक दिसत हुती." आत्याबाई ताडकन उठल्या. "मी चेष्मेवाली करून घ्यायची न्हाई. सांगून ठिवते."

"लय बरं झालं," गुरुजी म्हणाले. "पोरगी सुटली."

मिरजेला गुरुजी, मी, बाबासो आणि रेखा असे चौघं गेलो, आणि चष्मा आणायला पुन्हा चौघंच. परतीला स्टँडवर एसटीची वाट बघत होतो. बाबासोला वाचता येत नव्हतं. गाडी लागली की तो नेहमी शेजारच्याला विचारायचा, कुठली म्हणून. त्या दिवशी विचारायची वेळच आली नाही. रेखा येईल त्या गाडीची पाटी मोठ्यानं वाचत सुटली. सांगली, तासगाव, विटा, जत. बापाचा चेहरा फुलला होता. आणि मधेच ती थांबली, वळली आणि म्हणाली, "आबा, मला दिसतच न्हवतं. मग मारलं कशाला?"

बाबासोनं गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी म्हणाले, "माझ्याकडं बघू नगो. तिनं तुला इचारलंय." एक गाडी सुटली, दुसरी लागली. मला वाटलं, आपणच काहीतरी बोलून विषय बदलावा. शेवटी बाबासो हळूच म्हणाला, "चुकलं माझं."

रेखानं थोडा विचार केला. "आता मारू नगा," म्हणाली आणि पुन्हा पाट्या वाचायला लागली.

उन्हाळ्यात गुरुजींच्या बदलीचा हुकूम आला. जत तालुक्याच्या पार पलीकडच्या टोकाला, जिथून घरी जायला सगळा दिवस मोडावा. हे कुणाचं काम ते गावात शेंबड्या पोराला ठाऊक होतं, कारण सरपंचांनीच निरोप धाडला होता: फळा होता तिथं न्या, पोरांना नंबरानं बसवा, बदली थांबवतो. गुरुजींनी उत्तर पाठवलं, "फळा फिरवायचा आसंल तर मी हितं ऱ्हाऊन काय करू?" मला इतका संताप आला की मी सरपंचांच्या घरी जाऊन भांडायला निघाले. गुरुजींनी मला थांबवलं. "बाई, दम धरा. जतंत भिंती न्हाईत व्हय?"

तिथं ते निवृत्तीपर्यंत राहिले, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत गेले. मी त्यांच्याबरोबर एकच वर्ष काढलं. पुढं पुष्कळ शिक्षक पाहिले, काही फार विद्वानही पाहिले. पण पोरासाठी सगळ्या गावाशी वैर घेणारा दुसरा भेटला नाही.

त्या उन्हाळ्यात गुरुजी बदलून जाणार म्हणताच आत्याबाई पुन्हा येऊन बसल्या. मुलासाठी दुसरी मुलगी बघते म्हणाल्या, पण रेखाला पाचवीत घालू नको, हे काही सोडेनात. एवढी शिकवलीस तर आमच्या घराण्याचं नाक कापेल, असं त्यांचं म्हणणं. बाबासो काहीच बोलेना. सरपंचांचा ऊस, बहिणीचा शब्द आणि पोरगी, यांच्यामध्ये तो गडी सापडला होता. रेखा रोज मला विचारायची, "बाई, आबा काय बोलला का?" मला खोटं बोलवत नव्हतं आणि खरं सांगवत नव्हतं.

निरोप समारंभ चौथीच्या वर्गातच झाला. पोरं पुढं, बायका मधे, गडीमाणसं दाराशी. सरपंचांनी गुरुजींच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला आणि लांबलचक भाषण केलं. असे गुरुजी होणे नाही, गुरुजी म्हणजे आपल्या गावाचं भूषण, गाव पोरकं झालं, असं बरंच. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या संपल्या आणि पुढच्या ओळीतून रेखा उभी राहिली. चष्मा नाकावर घसरला होता, तो तिनं बोटानं वर सारला.

"मग घालवताय कशाला?"

सरपंचांना आधी कळलंच नाही. मग कळलं. ते हसायला गेले, पण कुणीच हसलं नाही. त्यांनी दाराकडे पाहिलं. "बाबासो, पोरीला गप कर. खाली बसव तिला."

बाबासो उठला. टोपी काढून त्यानं हातात धरली होती. उद्यापासून कुणाच्या रानात जायचं, हे त्याच्या मनात आलं नसेल असं मला वाटत नाही.

"चार वरसं गपच बसवली हुती सरपंच," तो म्हणाला. "आता मी न्हाई बसवायचा. जूनला पाचवीत घालणार हाय तिला."

गुरुजींनी खांद्यावरची शाल काढली, नीट घडी केली आणि टेबलावर ठेवली. "पोरगी उभी हाय सरपंच," ते म्हणाले. "काय ते उत्तर द्या."

सरपंच खुर्ची सरकवून बाहेर पडले. आणि रेखा खाली बसली नाही.